पोरीसाठी नव्हे

बायको गेलेल्या माणसाला आमच्या भागात दिवसकार्य उरकायच्या आतच कुणीतरी बाजूला घेतं आणि सांगतं, "पोराकडं बघ गा. पोरासाठी तरी दुसरं कर." सांगणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. शेजारची काकू, मेहुणा, कारखान्यातला साहेब, सगळे हेच सांगतात आणि कळवळून सांगतात. पण त्या माणसाला स्वतःला काय हवंय हे कुणी विचारत नाही. आणि जी बाई येणार तिला तर कुणीच नाही. तिनं यायचं, पोराला खाऊ घालायचं, शाळेत सोडायचं, आणि चारचौघींनी "पदरात घेतलं हो पोराला" म्हटलं की भरून पावायचं.

हे मी ऐकीव सांगत नाही. तिशी ओलांडल्यावर मला जी स्थळं आली ती सगळी याच जातीची होती. मध्यस्थ चहा पिताना मुलाची नोकरी सांगायचा, शेती किती ते सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, "मूल लहान हाय, लळा लागंल." जणू मी नोकरीसाठी अर्ज केला होता आणि काम हलकं आहे अशी मला खात्री दिली जात होती. मला मुलं आवडतात. तरीही मी प्रत्येक वेळी नाही म्हटलं, कारण त्या चहाच्या बैठकीत एकाही पुरुषानं माझ्याकडं मान वर करून पाहिलं नव्हतं. त्यांना मी नको होते, त्यांच्या घराला कुणीतरी हवं होतं.

आणि शेवटी मी लग्न केलं ते एका मुलीच्या बापाशीच. म्हणून हे लिहावंसं वाटलं.

बेळगावच्या कॅम्पात माझं शिवणकामाचं दुकान आहे. जुन्या बैठ्या घराची पुढची खोली, दोन मशिनी, एक इंटरलॉक, आरसा आणि कापडाच्या कपाटाला लावलेला पडदा. मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. शिवण शिकायला शहरात आले आणि इथंच राहिले. कॅम्प म्हणजे इंग्रजांच्या छावणीचा भाग. सेंट मेरीजचं दगडी चर्च, फातिमा कॅथेड्रल, १८५६ सालची सेंट पॉल्स शाळा, लष्कराच्या लांबच लांब भिंती आणि त्यावरून बाहेर झुकलेली जुनी झाडं. बाकीच्या टेलरांचा सीझन दिवाळीला संपतो, कॅम्पातल्या टेलरचा तेव्हा सुरू होतो. डिसेंबर लागला की लहान मुलींचे फ्रॉक, मोठ्यांचे गाऊन, गाणाऱ्या पोरींचे एकसारखे स्कर्ट, आणि "चोवीस तारखेला सकाळी पायजेच" असं बजावून गेलेल्या बायका. त्यातच कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन येतं, ते जिथं भरतं त्या सुवर्णसौधमुळं रस्ते अडतात, खडेबाजारातून अस्तर आणायला निघालं तर अर्धा दिवस जातो. पण तो महिना मला आवडतो. थंडी असते, मशीन चालवून पाय ऊबदार राहतात, आणि समोरच्या घरांवर कागदी तारे लागलेले असतात.

अशाच एका डिसेंबरात तो पोरीला घेऊन आला. उद्यमबागेत एका कारखान्यात लेथवर टर्नर. पोरगी पाच वर्षांची. सगळे तिला बाय म्हणायचे, म्हणून मीही इथं बायच म्हणते. पिशवीत लाल नेट आणि लाल साटन होतं. कापड पाहूनच कळलं की दुकानदारानं दिलं ते ह्यानं निमूट घेतलंय, कारण नेट गरजेपेक्षा दुप्पट होतं. बायच्या दोन वेण्या होत्या. भांग असा सरळ, की पट्टी लावून खडूनं आखल्यासारखा. मी सहज म्हटलं, "वेणी कुणी घातली? छान घातलीय." ती बापाकडं बघत म्हणाली, "पप्पानं. पप्पाला तीन पेडांचीच येती, चार पेडांची येत न्हाई."

मी माप घेतलं. छाती, कंबर, उंची, बाही. तो शेजारी उभा राहून सगळं ऐकत होता. मी वहीत आकडे लिहून झाल्यावर त्यानं एकच विचारलं, "आत टोचणार न्हाई न्हवं, मॅडम?"

हा प्रश्न मला कुठल्या आईनंही क्वचितच विचारला असेल. आया घेर विचारतात, लेस विचारतात, फोटो दाखवून "असाच पायजे" म्हणतात. नेट टोचतं हे पोरगं अंगात घालून रडेपर्यंत कुणाच्या ध्यानात येत नाही. मी सांगितलं की साटनच्या आतून मलमलचं अस्तर लावते, शिवणीही आत दाबून घेते. वाढतं अंग म्हणून दोन बोटं माया जास्त सोडते, पुढच्या वर्षी उसवून मोठा करता येईल. तो न्यायला आला तेव्हा त्यानं फ्रॉक उलटा केला आणि आतल्या शिवणीवरून अंगठा फिरवत गेला, काखेपासून खालपर्यंत, मग दुसऱ्या बाजूनं. "आमच्यात जॉब झाला की असंच बघतात," तो म्हणाला. "बर, म्हंजे धातूची खरखरीत कड, राहिली की हाताला लागती." मग पैसे दिले आणि गेला. मी बराच वेळ काहीच शिवलं नाही.

त्याची बायको २०२१ च्या कोरोनात, दुसऱ्या लाटेत गेली. बाय तेव्हा तीन वर्षांची नव्हती. शेवटचं नीट बघायलाही मिळालं नाही. एवढंच तो कधीतरी बोलला आणि मीही पुढं विचारलं नाही. त्याची मोठी बहीण, आक्का, नंदगडला असते. ती काही महिने येऊन राहिली, मग तिचा संसार होता, ती गेली. त्यानंतर त्यानं शिफ्ट बदलून घेतली, पहाटे डबा करायला शिकला, शाळेच्या वहीला कव्हर घालायला शिकला. शेजारणी कौतुक करायच्या आणि त्याच दमात म्हणायच्या, "पर बाईमाणूस पायजे घरात." मला वाटतं, एकट्या बापाला आपल्याकडं दोनच वाटा ठेवलेल्या असतात. एक तर त्याची कीव करायची, नाही तर त्याला देव करायचं. तो दमला असेल, रात्री पोरगी झोपल्यावर त्याला कुणाशी तरी कारखान्यातल्या मशीनबद्दल, महागाईबद्दल, काही नाही तर क्रिकेटबद्दल बोलायचं असेल, हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

आमचं बोलणं वर्षभर असंच चाललं. कधी बायच्या गणवेशाची शिलाई, कधी पडद्याला हूक, कधी माझ्या मशीनचा एक भाग झिजला तो त्यानं लेथवर नवा करून आणला. तो आला की पाच मिनिटं थांबायचा, मग दहा. बाय कोपऱ्यात बसून चिंध्या रंगाप्रमाणं वेगळ्या करायची.

२०२४ चा डिसेंबर बेळगावकरांच्या लक्षात आहे तो रोषणाईमुळं. बरोबर शंभर वर्षांपूर्वी, १९२४ च्या डिसेंबरात २६ आणि २७ तारखेला, टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते ह्याच अधिवेशनाला. त्या मंडपनगराला विजयनगर नाव दिलं होतं, आणि पाण्यासाठी खणलेली विहीर अजून आहे, काँग्रेस विहीर म्हणून. तर त्या शताब्दीसाठी सरकारनं शहरातले रस्ते, चौक, झाडं, कमानी दिव्यांनी भरून टाकल्या होत्या. लोक कुटुंबंच्या कुटुंबं घेऊन नुसते लाइट बघायला बाहेर पडत होते. आणि त्यातच नाताळ.

त्या वर्षी आक्का फराळ करायला आली आणि तिनं मला बोलावलं. का बोलावलं हे तिला ठाऊक होतं, मलाही थोडंफार. नेवऱ्या म्हणजे आमच्या करंज्याच, त्यामुळं माझा हात लगेच बसला. कलकल मात्र मी पहिल्यांदा केले. मैद्यात नारळाचं दूध घालून घट्ट मळायचं, बोराएवढी गोळी घ्यायची, काट्याच्या चमच्याच्या पाठीवर दाबून अंगठ्यानं पसरायची आणि टोकाकडून गुंडाळत सोडवायची. अंगावर रेघा उठलेला शंख तयार होतो. माझे शंख उलगडत होते. बाय माझ्याकडं थोडा वेळ बघत राहिली आणि मग तिनं माझा अंगठा धरून दाखवलं, "असं न्हाई आंटी. लई दाबायचं न्हाई. हळू ओढायचं." आक्का चुलीवर दोदोल घोटत होती. काळा गूळ, तांदळाचं पीठ, नारळाचं दूध. हात थांबला की तळाला लागतं, म्हणून आम्ही आळीपाळीनं घोटत होतो. त्याची पाळी आली तेव्हा तोही घोटत होता, घामाघूम होऊन. त्या स्वयंपाकघरात भिंतीवर बायच्या आईचा फोटो होता आणि त्याला ताजी शेवंती लावलेली होती. मला त्या फोटोची भीती वाटली नाही. उलट बरं वाटलं, की ह्या घरात गेलेल्या माणसाला जागा आहे.

पंचवीसच्या संध्याकाळी आम्ही तिघं स्कूटरवरून लाइट बघायला गेलो. बाय पुढं उभी, मी मागं. ती लाल फ्रॉकात, मी माया उसवून मोठा केलेल्या. काँग्रेस रोडला गर्दी इतकी होती की स्कूटर लावून चालत निघालो. वर दिव्यांच्या माळा, दोन्ही बाजूंना माणसं, शेंगावाले, फुगेवाले. बाय मान वर करून म्हणाली, "पप्पा, यंदा येशूच्या वाढदिवसाला केवढी लाइट लावल्यात की!"

तो हसला नाही. खाली बसला, तिच्या उंचीला येऊन तिला सांगितलं की थोडी येशूची आहे आणि थोडी गांधीजींची, ते शंभर वर्षांपूर्वी इथं आले होते. तिनं विचार केला. "मग त्यांचा पण केक कापणार काय?" तो म्हणाला, "ते केक खायाचे न्हाईत बाय. शेळीचं दूध प्यायाचे." हे तिला पटलं. ती शेंगांची पुडी घेऊन दोन पावलं पुढं चालायला लागली.

तेव्हा तो माझ्याशी बोलला. बायच्या पाठीवरची नजर न हलवता. "एक विचारायचं होतं. बायला आई पायजे म्हणून न्हाई विचारत. तिला आई होती. ती तिचीच हाय. तिचं जेवण, वेणी, अभ्यास मी बघालोय, पुढंबी बघतो. पण तुमच्याशी बोललो न्हाई तर मला दिवस झाल्यासारखं वाटत न्हाई. माझ्यासाठी विचारालोय."

इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा कुणीतरी मागणी घातली होती. आधीच्यांनी गरज सांगितली होती.

मी विचारलं, "आणि बाय?" तो म्हणाला, "तुम्ही तिला आवडता काय न्हाई, ते ती सांगंल. सावकाश. तिलाबी घाई नको, तुम्हालाबी नको."

नाताळच्या गोड गोष्टींत नेहमी एक पोरगं असतं आणि ते सांताक्लॉजला चिठ्ठी लिहितं, मला नवी मम्मी दे. मग बर्फ पडतो आणि सगळं जुळतं. मला अशा गोष्टी मनापासून आवडतात, मी त्या वाचताना रडतेसुद्धा. पण पोरावर एवढं ओझं टाकू नये असं मला कळकळीनं वाटतं. आमच्या बायनं त्या वर्षी चिठ्ठी लिहिली होती, आक्कानं मला ती दाखवली. चोवीस रंगांचे स्केचपेन हवे होते, आणि त्यात सोनेरी पाहिजेच असं दोनदा लिहिलं होतं. बस. सहा वर्षांच्या मुलीनं एवढंच मागावं. मोठ्यांनी एकमेकांना काय मागायचं ते मोठ्यांनी तोंड उघडून मागावं.

दुसऱ्या दिवशी रात्री मनमोहन सिंग गेल्याची बातमी आली आणि शताब्दीची मोठी सभा पुढं ढकलली गेली. एकतीसला कॅम्पातली पोरं दरवर्षीसारखी माझ्या दारात आली, 'ओल्ड मॅन' भरायला चिंध्या मागायला. गवत, जुने शर्ट, वर मुखवटा, आणि रात्री बाराला तो म्हातारा जाळायचा, जुनं वर्ष म्हणून. बायनं रंगवार लावून ठेवलेल्या चिंध्यांतून तिनं स्वतः काळ्या-करड्या तेवढ्या काढून दिल्या. लाल दिल्या नाहीत.

तिला आम्ही सांगितलं ते संक्रांतीनंतर. आणि मग ती दुकानात यायची बंद झाली. आली तरी दारात उभी राहायची. तो म्हणाला, राहू दे. मीही काही चॉकलेटं घेऊन गेले नाही. एका दुपारी ती आत आली, माझ्या गळ्यातला टेप ओढून घेतला आणि म्हणाली, "मी तुझं माप घेणार." मी उभी राहिले. तिनं हात मोजला, गळा मोजला, स्टुलावर चढून उंची मोजली, आणि तिच्या वहीत आकडे लिहिले. टेप उलटा धरला होता, त्यामुळं माझा गळा एकशे काहीतरी आला. लिहिता लिहिता खाली बघूनच विचारलं, "तू मम्मीचं कपाट घेणार?"

मी म्हटलं, "नाही. माझं कपाट मी आणणार आहे. मम्मीचं तिथंच राहणार, चावी तुझ्याकडं."

तिनं तेही वहीत लिहिलं असावं, कारण पेन्सिल थोडा वेळ चालू होती. मग म्हणाली, "मग तू मावशी. आंटी न्हाई."

बाकीचं लवकर सांगते, कारण ते सगळ्यांचं सारखंच असतं. माझा भाऊ बोलायचा थांबला. वडील माळकरी, पंढरीची वारी चुकवत नाहीत. त्यांनी आरडाओरडा केला नाही, पण जेवताना पाठ करून बसले. आम्ही १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं नोंदणी करायचं ठरवलं. कुणी आपला धर्म सोडायचा नाही, हे दोघांचंही आधीच ठरलं होतं. तीस दिवसांची नोटीस लागते. ती ऑफिसच्या बोर्डावर लागली तशी गावात पोचलीच. तिकडं चर्चमध्येही बाप्तिस्मा न झालेल्या मुलीशी लग्न करायचं तर बिशपांची परवानगी घ्यावी लागते, तीही त्यानं घेतली, ओव्हरटाइम सोडून खेपा घालून. सहीच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात. आक्का होती, त्याचा कारखान्यातला मित्र होता, तिसऱ्याची वाट बघत होतो, आणि ऑफिसच्या पायरीवर माझे वडील दिसले. धोतर, टोपी, गळ्यात तुळशीची माळ. मला म्हणाले, "सही कुठं करायची ते दाव. चष्मा आणलाय." त्या वेळी मी जितकी रडले तितकी सासरी जाताना कुणी मुलगी रडली नसेल.

गेल्या नाताळात मी मध्यरात्रीच्या मिस्सेला गेले. गाणी मला अर्धी येतात, उरलेली बाय कानात सांगते, बहुतेक चुकीची. घरात तिनं येशूजन्माचा गोठा केला होता, आणि मेंढरांच्या रांगेत माझ्या देव्हाऱ्यातला छोटा पितळी बैल नेऊन ठेवला होता. शिंगांना लोकरीचा तुकडा गुंडाळून, त्यालाही थंडी वाजते म्हणून. तो बैल अजून आणून दिलेला नाही.

सव्वीसला आम्ही तिघं खानापूरच्या बसनं माझ्या गावी गेलो. बाय पहिल्यांदाच येत होती. पिशवीत नेवऱ्यांचा डबा, वडिलांसाठी शहरातून कुंदा. आईनं नव्या भाताचे पोहे कांडून ठेवले होते. भाऊ घरी होता, फार बोलला नाही, पण बायला मळ्यात नेऊन ऊस तोडून दिला. दुपारी गल्लीतल्या बायका अंगणात जमल्या. त्यांनी बायला मधे घेतलं, गालांवरून हात फिरवले, आणि एकीनं माझ्याकडं बघून पुण्याचं काम केल्यासारखं म्हटलं, "पोरीसाठी केलीस गं बाई, देव भलं करंल तुझं." मग बायला विचारलं, "ही कोण तुझी? नवी मम्मी की न्हाई?"

बायच्या तोंडात ऊस होता. तिनं तो नीट चावला, चोथा टाकला आणि सांगितलं, "न्हाई. ही पप्पांची बायको. पप्पांना लई आवडती." मग थोडं थांबून, "माझी मावशी हाय. टेलर हाय. तुमचं पण शिवंल, पैसे घेऊन."

बायका हसायला लागल्या. तो ओसरीवर वडिलांशी पंपाच्या मोटरीबद्दल बोलत बसला होता, त्याचे कान लाल झालेले मला अंगणातून दिसले. त्या दुपारी मी तीन ब्लाऊजची मापं घेऊन आले.